जळमटांना हात लावायचा नाही

हीटिंग सुरू झालं की लंडनच्या कडेला पिनरमधल्या आमच्या घरात आंबोळीचं पीठ पुन्हा एअरिंग कपबोर्डात जातं. गरम पाण्याच्या टाकीशेजारचं हे कपाट इंग्रजांनी टॉवेल उबदार ठेवायला केलं आणि आपल्या बायकांनी त्यात पिठं आंबवली. उन्हाळ्यात पीठ ओट्यावरच फुगतं. ऑक्टोबर लागला की त्याला टॉवेलांच्या शेजारी, झाकण किलकिलं ठेवून, निजवावं लागतं. आज सकाळी मी पातेलं आत ठेवलं, कपाटाचं दार लोटलं आणि तेवढ्यात रूबेनकाकांचा मेसेज आला. "सीझन सुरू झाला, बाय. त्यांच्या खिडक्या उघडल्या."

रूबेनकाका जवळच राहतात. अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. बापाच्या बोटाला धरून मुंबईला आले, मग इकडे, आणि सगळी नोकरी वॉटफर्डला औषधांच्या दुकानात केमिस्ट म्हणून केली. त्यांच्या घरात आता सगळे इंग्रजीच बोलतात. त्यामुळे काकांचं मराठी शिल्लक राहतं आणि ते सगळं माझ्या वाट्याला येतं. खिडक्या म्हणजे ब्रुसेल्सच्या खिडक्या. त्या शहरात आणि आसपासच्या गावांत जुन्या ब्रुअऱ्या आहेत. तिथली लँबिक नावाची आंबट बिअर फक्त थंडीत करतात. गहू आणि बार्लीचं पाणी तासन्‌तास उकळायचं, माळ्यावरच्या एका अवाढव्य उथळ परातीत ओतायचं आणि छपराच्या खिडक्या उघडून रात्रभर तसंच सोडून द्यायचं. यीस्ट घालायचं नाही. हवेतून जे पडेल ते पडेल आणि तेच आंबवेल. विरजण न लावता दही लागायची वाट बघण्यातलाच प्रकार. उन्हाळ्यात हवेत नको ते जंतू फार, म्हणून हा खेळ ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच.

हे सगळं मला, घरात कधी बाटली न उघडलेल्या बाईला, तोंडपाठ आहे याचं श्रीकांतला अजून हसू येतं. "लोक उतारवयात काशीला जातात," तो म्हणतो, "आमची बायको ब्रुसेल्सला जाते."

हे सगळं ज्या हिवाळ्यात सुरू झालं, त्या हिवाळ्यात माझं नाक गेलेलं होतं. म्हणजे होतं जागच्या जागी, चष्मा टेकायला उपयोगी पडत होतं. पण वासापुरतं मेलेलं. आदल्या वसंतात साधा फ्लू म्हणून आठवडा अंथरुणात काढला, उठले तर चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. वाटलं, सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली, वास आलाच नाही. उन्हाळ्यात बागेत मोगऱ्याच्या जातीचा एक वेल फुलतो, त्याच्यात तोंड खुपसून मी उभी राहायची. दूध करपलं तर धूर दिसेपर्यंत कळायचं नाही. जीभ बिचारी आंबट, गोड, खारट, कडू एवढंच सांगते. चिंच कुठली आणि लिंबू कुठलं हे नाकच सांगतं, हे मला नाक गेल्यावर समजलं. डाळीची आमटी आणि पिठलं डोळे मिटून खाल्लं तर एकच. जेवायला बसायचा कंटाळा येऊ लागला. रडूही यायचं, खोटं कशाला सांगू.

आणि मग पिठाचं प्रकरण झालं. एअरिंग कपबोर्डातलं पीठ उतू जाऊन टॉवेलांच्या चळतीत शिरलं. मी वरचं पातेलं काढून नेलं, मागे काय सांडलंय ते बघितलंच नाही. ते आत कुजत राहिलं. ईशा, आमची मुलगी, कॉव्हेंट्रीहून वीकेंडला आली आणि जिन्यातच तिने बाही नाकाला लावली.

"आई, ओ माय गॉड, काय मेलंय इथे? अख्खी घर स्मेल करतोय!"

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी. मला काही म्हणजे काही येत नव्हतं. मधल्या दिवसांत दोनदा पाहुणे येऊन गेले होते. शेजारची पामेला चहा पिऊन, छान गप्पा मारून गेली होती. त्या सगळ्यांना वास आला असणार आणि सगळे सभ्यपणे गप्प बसले असणार.

वास न येण्याचं दुःख वेगळं. आपला वास दुसऱ्याला येतोय आणि आपल्याला पत्ता नाही, ही भीती वेगळी. ही दुसरी या देशात राहणाऱ्या आपल्या बायकांना मुळातच असते. ईशा प्रायमरी स्कूलमध्ये असताना एकदा घरी येऊन म्हणाली होती, "आई, माझा कोट करीचा वास मारतो, लिली तिचा माझ्याशेजारी हँग करत नाही." त्या दिवसापासून आमच्या घरी नियम झाला. फोडणी टाकायच्या आधी सगळे कोट वर बेडरूमच्या कपाटात, बेडरूमचं दार बंद, किचनचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा सुरू, मग मोहरी. ओळखीच्या कितीतरी घरांत हीच कवायत चालते. ईशा मोठी झाली, घर सोडून गेली, पण कोट वर जायचे थांबले नाहीत. नाक गेल्यावर तर मला काळवेळाचं भान राहिलं नाही. मी ब्लीचची बाटली घेऊन घरभर फिरायची. सिंक, ओटा, मोऱ्या, डस्टबिन, दारांच्या मुठीसुद्धा. साफ झालं की नाही हे नाक सांगायचं, ते सांगेना, म्हणून मी पुन्हा पुसायची. हिंग बंद केला. लसणाची फोडणी बंद. सुके बोंबील तर नावच नको. आंबोळीचं पीठही बंद.

"तू घराचं हॉस्पिटल केलंयस," श्रीकांत एकदा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ब्लीचने.

आमची फॅमिली डॉक्टर, जीपी म्हणतात इथे, गोड मुलगी होती. म्हणाली, वास कदाचित येईल, कदाचित नाही येणार. पण रोज दोन वेळा नाकाला व्यायाम द्या. चार बाटल्या करा, लिंबू, गुलाब, लवंग, निलगिरी, आणि एकेक मन लावून हुंगा. मी मूळची हट्टी. माहेरी म्हणायचे, हिने एकदा धरलं की घोरपडीने धरलं. मी चार बाटल्या केल्या. गुलाबाचं आणि माझं कधीच फारसं नव्हतं, म्हणून त्याच्या जागी हिंग घेतला. सकाळ-संध्याकाळ खुर्चीत बसून लिंबू हुंगायचं आणि आठवायचं, लिंबू कसं असतं. प्लॅटफॉर्मवर ट्रेनची वाट बघताना पर्समधून बाटली काढून हुंगताना लोक बघायचे. बघू देत. हे नाक माझं होतं आणि ते मला परत हवं होतं.

रूबेनकाकांना हे सगळं ठाऊक होतं. एका रविवारी दुपारी त्यांनी मला किचन टेबलाशी बसवलं आणि लँबिकच्या, शँपेनसारख्या जाड बाटलीचं बूच उघडलं.

"काका, मला सवय नाही हो."

"सवय कोण लावतंय? तुझ्या जिभेला आंबट कळतं ना? मग घे. घोटभर."

घेतला. दोन्ही कानांच्या खाली कळ आली, दात आंबले, एक डोळा आपोआप मिटला. लहानपणी चिंचेच्या झाडाखाली कच्ची चिंच खाल्ल्यावर मिटायचा तोच डोळा. कित्येक महिन्यांत तोंडात काहीतरी घडलं होतं. मी पेला पुढे केला आणि म्हटलं, अजून.

काका हसले. म्हणाले, "आमच्यात शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या प्रार्थनेला मनुकांचं सरबत लागतं. वाईन कुठून आणायची अलिबागेत? मनुका भिजवायच्या, उकळायच्या, गाळायच्या. उरलं की आई झाकून ठेवायची. रविवारपर्यंत ते जरा आंबायचं आणि मी ते गुपचूप संपवायचो. इथे कुठेच ती चव मिळाली नाही गं, ह्या बाटलीत मिळाली." मग पेला पुन्हा भरत म्हणाले, "हे जिथे करतात तिथे वासच वास असतो. बाटल्या हुंगत काय बसतेस? तिकडे चल. डे रिटर्न. सकाळी जायचं, संध्याकाळी परत."

मी तिथेच ठरवलं. एक अख्खा सीझन जायचं. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत दर महिन्याला, कंटाळा आला तरी, नाकाने दाद दिली नाही तरी. एप्रिलपर्यंत काही झालं नाही तर नाकाचा नाद सोडायचा आणि बिनवासाचं जगायला शिकायचं. हे दुसरं मी मनात ठरवलं, कोणाला सांगितलं नाही.

पहिली खेप दिवाळीच्या तोंडावर पडली. मेट्रोपॉलिटन लाइनने किंग्ज क्रॉस, तिथून समुद्राखालची ट्रेन. काकांच्या पिशवीत अंड्याची सँडविचेस, माझ्याकडे पोळीचे रोल. ब्रुसेल्सच्या स्टेशनाबाहेर पाऊस नाही आणि ऊनही नाही, असली राखी सकाळ. इथल्या हवेला ज्या नदीमुळे गुण आला म्हणतात ती नदीच शहराने कधीची जमिनीखाली गाडून टाकली आहे. आपण तिच्या डोक्यावरून चालतो आणि कळतही नाही. ब्रुअरी एका साध्या गल्लीत, बाहेरून गोदामासारखी. आत अंधारी, ओल धरलेली. लाकडी पिंपांच्या रांगा एकावर एक चढवलेल्या, भिंती काळपट, तुळया काळपट, आणि सगळीकडे जळमटं. कोपऱ्यांतच नव्हे, पिंपापासून पिंपापर्यंत, तुळईपासून दिव्यापर्यंत लोंबलेली.

दिवाळी चार दिवसांवर आलेली. अशा वेळी जळमट दिसलं की मराठी बाईचे हात शिवशिवतात. माझं लक्ष मालकिणीच्या बोलण्याकडे होतं. पन्नाशीची, रबरी बूट घातलेली, ताडताड चालणारी बाई. ती पिंपांविषयी काही सांगत होती. आणि माझ्या हाताने, मला न विचारता, खिशातला टिश्यू काढून समोरच्या पिंपावरचं एक भलंमोठं जाळं गोलगोल गुंडाळून काढलं. वर पिंपाची कडही पुसली.

"नो!" ती ओरडली. ब्रुअरी बघायला आलेली बाकीची मंडळी वळून बघायला लागली. मी टिश्यू मुठीत धरून उभी, चोरी पकडल्यासारखी.

"त्या कोळ्याने तुमचं काय केलं होतं?" तिने इंग्रजीत विचारलं.

"सॉरी. आमच्याकडे सण आहे," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

रूबेनकाका भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होते. हसत होते मेले. बाईचा राग मात्र लगेच उतरला. तिने समजावून सांगितलं. उन्हाळ्यात चेरी येतात, पिंपांत घालतात, त्यांच्यावर माश्या येतात. माश्यांना मारायला इथे औषध फवारलं तर हवेतलं बाकी सगळंही मरेल. म्हणून कोळी. इथे जळमटांना हात लावायचा नाही, हा तिच्या आजोबांपासूनचा नियम. छप्पर गळायला लागलं तेव्हा नवं घातलं, पण जुनी कौलं काढली नाहीत, त्यांच्यावरच नवं चढवलं. तुळयांत, कौलांत, लाकडाच्या फटींत जे बसलंय तेच बिअर करतं. "आम्ही फक्त पाणी उकळतो," ती म्हणाली. "भिंती जर मी घासून धुतल्या, तर उद्यापासून ही जागा नुसती रिकामी खोली."

सगळे जोरजोरात श्वास घेत होते. कोणी म्हणे जुनं लाकूड, कोणी म्हणे घोड्याचं खोगीर, कोणी सफरचंद. मला काही नाही. मीही छाती भरून श्वास घेतला. फक्त गार हवा आत गेली.

परतीच्या ट्रेनमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. काकांना वाटलं मी ओशाळले आहे. ओशाळले नव्हते, संतापले होते. कोणावर ते सांगता येत नव्हतं. परक्या गावातली बाई आपल्या भिंतींच्या वासावर पोट भरते, तो जपते, त्याच्यासाठी माझ्यावर ओरडते. आणि मी माझ्या घराच्या भिंती पुसून पुसून, दारं लावून लावून, जन्मभर कोणापासून काय लपवत होते? लिली नावाची ती मुलगी आता कुठेतरी नोकरी करत असेल. शुक्रवारी करीच मागवत असेल.

घरी आले आणि ब्लीचच्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी हिंग घालून लसणाची फोडणी केली. किचनचं दार उघडं, कोट खाली हॉलमध्ये. श्रीकांत सवयीने कोट उचलून जिन्याकडे निघाला.

"राहू दे," मी म्हटलं.

"वास बसेल."

"बसू दे. कोणाला तरी येऊ दे."

त्यानंतरच्या खेपा आता एकमेकींत मिसळल्या आहेत. एक गाव आठवतं, शहराच्या पश्चिमेला, बसमधून उतरल्यावर दोन्ही बाजूंना नांगरलेली ओली शेतं आणि मधोमध विटांची ब्रुअरी. तिथे हॉप्सचं, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या वाळक्या फुलांचं, पोतं उघडून दाखवलं. मुद्दाम जुनी करून वापरतात, त्यांना चीजचा वास येतो म्हणे. मी पोत्यात मनगटापर्यंत हात घातला, फुलं चुरगाळली, बोटं हुंगली. नाही. जानेवारीत एका ठिकाणी चेरीची लाल बिअर दिली. रंग आमसुलाच्या सारासारखा. आंबट लागली, किंचित गोड लागली, पुढे नाही. काका दर वेळी विचारायचे, "काही?" आणि मी म्हणायची, "अजून नाही." फेब्रुवारीत बर्फ होतं, ट्रेन अडकली, काकांचा गुडघा धरला. म्हणाले, "पुढच्या महिन्यात राहू दे का?" मी म्हटलं, "तुम्ही नका येऊ, मी जाते." ते आले. मार्चमध्ये पहिल्यांदा असं झालं की लवंगेची बाटली हुंगताना नाकात काहीतरी टोचलं. वास नव्हता, नुसतं टोचणं. मी श्रीकांतला उठवून सांगितलं. मग पंधरा दिवस तेही नाही.

एप्रिलमध्ये शेवटची खेप. पुन्हा पहिल्याच ब्रुअरीत, त्यांच्या सीझनचं शेवटचं उकळणं. मालकिणीने ओळखलं. "आज सण आहे का?" म्हणाली. मी दोन्ही हात खिशात घालून दाखवले.

पहाटेपासून चुली लागल्या होत्या, त्यामुळे उतरत्या दुपारी उकळतं पाणी माळ्यावर चढवलं. तिने आम्हाला दाराशी उभं राहू दिलं. माझ्या किचनएवढी तांब्याची परात, तिच्यात नळातून तांबूस पाणी पडतंय, आणि वाफ इतकी की पलीकडची भिंत दिसेना. छपराच्या झडपा उघड्या, तिथून संध्याकाळची थंड हवा आत येत होती. माझा चष्मा धुकटला, केस ओले झाले, लोकरी कोट जड झाला. मी वाफेत पुढे वाकले आणि वेड्यासारखे श्वास घेतले. आज नाही तर नाहीच, असं ठरलेलं होतं. डोळे मिटून मी भाजलेला गहू आठवला, खीर आठवली, आजोळची चूल आठवली. आठवण सगळी आली, वास आला नाही.

"काही?" काकांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. चष्मा पुसायला घेतला.

ट्रेनमध्ये गरम होत होतं. मी कोट काढून मांडीवर घेतला, खिडकीला डोकं टेकलं. बोगदा आला, बाहेर काळोख झाला. ठरलंय ते ठरलंय, मी मनाशी म्हणत होते. उद्यापासून बाटल्या बंद. लोक पायांविना जगतात, डोळ्यांविना जगतात, ही तर नाकाची गोष्ट. डोळे भरून आले म्हणून कोटाच्या बाहीने पुसायला गेले. ओली लोकर तोंडाशी आली.

आणि काहीतरी होतं.

मी बाही खाली घेतली. पुन्हा वर नेली. कडवट, जळकट, खूप लांबून आल्यासारखं. पहिल्यांदा वाटलं ब्रुअरीचंच काही असेल, खोगीर की काय म्हणतात ते. बाहीत नाक खुपसलं. ते सरकत सरकत जवळ आलं आणि एकदम ओळखीचं झालं. तेलात टाकलेला लसूण. कडेने करपलेला. आणि त्याच्या मागे, हट्टाने चिकटून बसलेला, हिंग. लोकर वाफेने भिजली होती, ट्रेनच्या उबेने वाळत होती, आणि हिवाळाभराची माझी फोडणी तिच्यातून बाहेर पडत होती.

"काका," मी म्हटलं. बाही त्यांच्यापुढे धरली. "तुम्हाला कसला वास येतोय का?"

काकांनी पेपरातून मान वर केली. "फोडणीचा? सकाळी पिनरला बसलो तेव्हापासून येतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू कोट धुतला असतास."

मी रडले. समोरच्या सीटवरच्या बाईने टिश्यू पुढे केला. तिलाही वास येत असणारच. मी तिच्याकडे बघून हसले आणि पुन्हा बाहीत तोंड घातलं, बोगदा संपेपर्यंत.

वास पूर्वीसारखा आलेला नाही. कॉफी अजून जळक्या रबरासारखी लागते, गुलाब येत नाही, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. काही दिवस चांगले असतात, काही नुसतेच. बाटल्या बंद केल्या नाहीत, ठरवलेलं मोडलं. आज काकांना उत्तर पाठवलं, तिकिटं काढा, गुडघ्याची पट्टी घेऊन या.

मघाशी ईशा आली. दारात पाऊल टाकल्या टाकल्या तिचा कोट काढून हातावर घेऊन जिन्याकडे निघाली, लहानपणापासूनची सवय. आत मोहरी तडतडत होती, किचनचं दार सताड उघडं होतं. हॉलच्या कोपऱ्यात, छताजवळ, एक कोळी मुक्कामाला आहे; दिवाळी आली तरी त्याला मी काढलेलं नाही.

"इथेच अडकव," मी आतून म्हटलं, "माझ्या कोटाशेजारी."

तिची पावलं जिन्याकडून परत फिरली. मग खुंटीचा आवाज आला, आणि मी कढईत हिंग टाकला.